इंटरल्युकिन-२ : एका प्रथिनाच्या घडणीचा इतिहास

इंटरल्युकिन-२ हे माणसाच्या रोगप्रतिकार यंत्रणेतले एक संदेशवाहक प्रथिन आहे. मुख्यतः टी पेशी ते तयार करतात आणि त्याचा परिणामही प्रामुख्याने टी पेशींवरच होतो. त्याची साखळी अवघ्या १३३ अमिनो आम्लांची आणि रेणुभार सुमारे १५,५०० डाल्टन, म्हणजे हिमोग्लोबिनच्या जेमतेम एक चतुर्थांश. एवढ्याशा रेणूकडे दोन परस्परविरोधी कामे आहेत. जंतुबाधित किंवा बिघडलेल्या पेशींचा नाश करणाऱ्या टी पेशींची संख्या वाढवणे हे एक. आपल्याच शरीरावर उलटू पाहणाऱ्या टी पेशींना आवर घालणाऱ्या नियामक पेशींना जगवणे हे दुसरे. एकच रेणू ही दोन्ही कामे कशी करतो, हे समजायला वैज्ञानिकांना काही दशके खर्ची घालावी लागली. आधी त्याचा परिणाम दिसला, नंतर रेणू आणि जनुक हाती आले. आकार सर्वांत शेवटी कळला, आणि तोही पहिल्यांदा चुकीचा वाचला गेला.

१९६०पर्यंत लिम्फोसाइट (टी पेशी ज्या वर्गात मोडतात ती पांढरी पेशी) ही वाढ संपलेली, पुन्हा विभाजन न होणारी पेशी समजली जात असे. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पीटर नोवेल यांनी त्या वर्षी ही समजूत मोडीत काढली. राजम्याच्या दाण्यांपासून काढलेले फायटोहीमॅग्लुटिनिन हे द्रव्य तेव्हा प्रयोगशाळांत एका साध्या कामासाठी वापरत. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गोळा होतात आणि पांढऱ्या पेशी वेगळ्या काढता येतात. नोवेल यांना आढळले की या द्रव्याच्या सान्निध्यात ठेवलेल्या लिम्फोसाइट दोन-तीन दिवसांत फुगतात आणि चक्क विभाजित होऊ लागतात. पाच वर्षांनी, १९६५मध्ये, माँट्रियलमधील दोन गटांनी स्वतंत्रपणे आणखी एक गोष्ट दाखवली. नाते नसलेल्या दोन माणसांच्या पांढऱ्या पेशी एकत्र वाढवल्या आणि नंतर पेशी काढून टाकून नुसता द्रव उरवला, तर तो द्रवही ताज्या लिम्फोसाइटना विभाजनाला लावतो. पेशी एकमेकींना स्पर्श न करताही काही सांगत होत्या, आणि ते सांगणे द्रवात विरघळलेले होते.

पुढची दहा वर्षे मात्र गोंधळाची गेली. प्रत्येक प्रयोगशाळेने आपापल्या द्रवातल्या गुणाला एकेक नाव दिले. कुठे ‘विभाजनकारी घटक’, कुठे ‘साहाय्यक घटक’, कुठे ‘थायमोसाइट वाढवणारा घटक’. हे घटक वेगळे आहेत की एकच, हे ठरवण्याचे साधन कुणाकडेच नव्हते, कारण द्रवात त्यांचे प्रमाण अत्यल्प असे आणि प्रत्येकाची मोजण्याची पद्धत निराळी होती.

वाट सापडली ती दुसऱ्याच शोधाच्या नादात. अमेरिकेतील बेथेस्डा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत डोरिस मॉर्गन आणि फ्रान्सिस रसेटी रक्ताच्या कर्करोगातल्या मायलॉइड पेशी बाहेर वाढवू शकेल असा घटक शोधत होते. त्यासाठी ते राजम्याच्या द्रव्याने चेतवलेल्या लिम्फोसाइटचा द्रव मानवी अस्थिमज्जेवर टाकून पाहत. मज्जेतून वाढल्या त्या मात्र अपेक्षित पेशी नव्हत्या, त्या टी पेशी होत्या. त्या काही दिवसांत मरूनही गेल्या नाहीत, महिनोन्महिने वाढत राहिल्या. १९७६मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या द्रवातल्या अज्ञात पदार्थाला टी पेशी-वर्धक घटक म्हटले जाऊ लागले. त्यापूर्वी टी पेशी शरीराबाहेर फार काळ जगवणे कुणालाच जमले नव्हते, म्हणून या निष्कर्षाचे मोल मोठे होते.

न्यू हॅम्पशरमधील डार्टमथ येथे केंडल स्मिथ आणि स्टीव्हन गिलिस यांनी या घटकावर दोन पावले पुढे टाकली. १९७७मध्ये त्यांनी गाठीच्या पेशींना ओळखून मारणाऱ्या टी पेशी दीर्घकाळ वाढवून दाखवल्या. १९७८मध्ये त्यांनी घटक मोजण्याची पद्धत बसवली, आणि या इतिहासात तिचे महत्त्व पहिल्या शोधाहून कमी नाही. उंदराच्या काही टी पेशी या घटकाशिवाय जगूच शकत नाहीत. घटक काढून घेतला की दिवसभरातच त्या मरू लागतात. अशा पेशी छोट्या खळग्यांच्या प्लास्टिक तबकडीत सारख्या संख्येने वाटून घ्यायच्या. तपासायचा द्रव एका खळग्यात पूर्ण तीव्रतेचा, दुसऱ्यात निम्मा, तिसऱ्यात त्याच्याही निम्मा, असा उतरत्या क्रमाने घालायचा. एक दिवस उबेत ठेवून मग ट्रिटियमयुक्त थायमिडीन घालायचे. जी पेशी विभाजनासाठी नवा डीएनए बांधते ती हे किरणोत्सारी थायमिडीन आत घेते, मेलेली किंवा थबकलेली पेशी घेत नाही. काही तासांनी पेशी फिल्टर कागदावर गाळून घेऊन किरणोत्सार मोजला की कोणत्या द्रवात किती घटक आहे याचा आकडा मिळतो. आकडा मिळाल्यावर तुलना शक्य झाली. वेगवेगळ्या नावांनी वावरणारे बरेचसे घटक वस्तुतः एकच आहेत हे त्यातून पुढे आले. १९७९मध्ये स्वित्झर्लंडमधील एर्माटिंगन येथे भरलेल्या परिषदेच्या सुमारास नावांची आवराआवर झाली. मॅक्रोफेजकडून येणाऱ्या घटकाला इंटरल्युकिन-१ आणि टी पेशी वाढवणाऱ्या घटकाला इंटरल्युकिन-२ ही नावे ठरली.

रेणू शुद्ध स्वरूपात मिळण्याआधीच त्याचा उपयोग सुरू झाला होता. टी पेशी वाढवता येऊ लागल्यामुळेच गॅलो यांच्या गटाला १९८०मध्ये मानवी टी पेशींत राहणारा एचटीएलव्ही-१ हा पहिला मानवी रेट्रोव्हायरस वेगळा काढता आला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३मध्ये एड्सचा विषाणू सापडला, तेव्हाही रुग्णाच्या लसिकाग्रंथीतल्या पेशी याच घटकाच्या आधाराने जगवल्या होत्या. त्या विषाणूचा शोध इतक्या लवकर लागण्यामागे या वर्धक घटकाचा वाटा होता, याची नोंद एड्सच्या इतिहासात व्हायला हवी तितकी होत नाही.

१९८३ हेच वर्ष जनुकाच्या शोधाचे. तोक्योच्या कर्करोग संस्थेत तादात्सुगु तानिगुची यांच्या गटाने जुर्कात या टी पेशींच्या कर्करोगी वाणापासून इंटरल्युकिन-२चा संदेशवाहक आरएनए मिळवला, त्याची डीएनए प्रत केली आणि तिचा क्रम वाचला. आता साखळी अक्षरशः वाचता येऊ लागली. पेशी आधी १५३ अमिनो आम्लांची लांब साखळी बनवते. प्रथिन पेशीबाहेर जाताना तिच्या सुरुवातीची २० आम्ले कापली जातात आणि १३३ उरतात. तिसऱ्या जागेवरच्या थ्रिओनिनला पेशी शर्करेचा तुकडा जोडते, पण तो नसला तरी प्रथिनाचे काम अडत नाही. ५८व्या आणि १०५व्या जागेवरची सिस्टीन एकमेकींशी डायसल्फाइड बंधाने जोडलेली असतात. १२५व्या जागेवर तिसरे सिस्टीन आहे आणि ते मोकळेच राहते.

या मोकळ्या सिस्टीनने उत्पादकांना चांगलेच सतावले. शर्करेची गरज नसल्यामुळे ई. कोलाय जिवाणूत हे प्रथिन भरपूर बनवता येत होते, पण शुद्ध करून घडी घालताना मोकळे सिस्टीन भलत्याच जोडीदाराशी बंध जुळवून बसे आणि साखळी निरुपयोगी आकारात अडके. कॅलिफोर्नियातील सीटस कंपनीच्या वैज्ञानिकांनी १९८४मध्ये १२५व्या जागी सेरीन घातले. एका गंधकाच्या अणूऐवजी ऑक्सिजनचा अणू आला, चुकीचा बंध जुळण्याची वाटच बंद झाली आणि प्रथिनाचे काम अबाधित राहिले. पुढे ॲल्डेस्ल्युकिन या नावाने औषध म्हणून वापरात आले ते हेच बदललेले प्रथिन. आकार ठाऊक नसताना, केवळ रसायनशास्त्राच्या आधारे केलेला हा बदल आजही तसाच टिकून आहे.

दरम्यान प्रथिन ज्याला जाऊन चिकटते त्या ग्राहीचा शोध चालू होता. १९८१मध्ये डार्टमथच्या गटाने किरणोत्सारी खूण लावलेले इंटरल्युकिन-२ वापरून चेतवलेल्या टी पेशींवर त्याच्या नेमक्या जागा असल्याचे दाखवले. त्याच वर्षी बेथेस्डात टॉमस वॉल्डमन यांच्या गटाने चेतवलेल्या टी पेशींवरच्या एका प्रथिनाला धरणारे ‘अँटी-टॅक’ प्रतिपिंड तयार केले. ते प्रथिन म्हणजेच ग्राहीचा भाग आहे हे पुढच्या वर्षी कळले. पण हिशेब जुळेना. पेशींवर इंटरल्युकिन-२ला घट्ट धरणाऱ्या काही जागा होत्या आणि सैल धरणाऱ्या पुष्कळ. टॅक प्रथिनाचे जनुक मिळाल्यावर तर कोडे वाढलेच. त्याचा पेशीच्या आतला भाग जेमतेम १३ अमिनो आम्लांचा निघाला, आणि एवढ्या आखूड शेपटीने आत संदेश पोचवणे शक्य दिसत नव्हते. म्हणजे जोडीला आणखी कुणीतरी असणार. १९८९मध्ये तानिगुची यांच्या गटाने बीटा साखळीचे जनुक वाचले आणि १९९२मध्ये सेंदाईच्या काझुओ सुगामुरा यांच्या गटाने गॅमा साखळीचे. टॅक प्रथिन म्हणजेच अल्फा साखळी; अल्फा, बीटा आणि गॅमा मिळून ग्राही पूर्ण होतो.

तिन्ही साखळ्यांच्या पकडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे; मोजमापाचा आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट. एकटी अल्फा इंटरल्युकिन-२ला १० नॅनोमोलरच्या आसपासच्या सैल पकडीने धरते. रेणू झटकन चिकटतो आणि तितक्याच झटकन सुटतो. बीटा आणि गॅमा एकत्र असल्या तर पकड सुमारे १ नॅनोमोलर होते. तिन्ही जमल्या की ती १० पिकोमोलरवर जाते, म्हणजे एकट्या अल्फापेक्षा हजारपट घट्ट. विश्रांत अवस्थेतल्या मारक टी पेशींवर आणि एनके (नैसर्गिक मारक) पेशींवर मुख्यत्वे बीटा-गॅमा जोडी असते, त्यामुळे त्यांना जागे करायला बरेच इंटरल्युकिन-२ लागते. प्रतिजन ओळखून चेतलेली टी पेशी काही तासांत अल्फा साखळी बनवून पृष्ठभागावर आणते आणि मग तिला अत्यल्प प्रमाणही पुरते.

गॅमा साखळीच्या शोधातून एक जुने दुःखद कोडे सुटले. १९९३मध्ये बेथेस्डात वॉरन लेनर्ड यांच्या गटाने दाखवले की ही साखळी बनवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलग्यांत जन्मतः आढळणारी एक तीव्र प्रतिकारहीनता त्याच जनुकाच्या बिघाडाने होते. टेक्सासमध्ये जन्मापासून प्लास्टिकच्या निर्जंतुक कक्षात ठेवलेला आणि १९८४मध्ये वयाच्या १२व्या वर्षी दगावलेला मुलगा याच विकाराचा रुग्ण होता. या मुलांच्या शरीरात टी पेशी जवळजवळ नसतातच. मात्र इंटरल्युकिन-२चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत टी पेशी व्यवस्थित तयार होतात, हे १९९१मध्येच दिसले होते. या विसंगतीचे कारण असे की गॅमा साखळी एकट्या इंटरल्युकिन-२ची नाही. ४, ७, ९, १५ आणि २१ या क्रमांकांच्या इंटरल्युकिनचे ग्राहीही तिच्यावरच अवलंबून आहेत. म्हणून ती बिघडली की सहा संदेश एकदम बंद पडतात.

आता आकाराकडे वळायचे. १९८७मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे बार्बरा ब्रँडह्युबर, डेव्हिड मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरल्युकिन-२च्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून त्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. एवढ्या महत्त्वाच्या संदेशवाहक प्रथिनाची रचना हाती आल्यामुळे तिच्याकडे सर्वांचे लक्ष गेले. साखळीचा मोठा भाग अल्फा हेलिक्स या मळसूत्री वेटोळ्यांत गुंडाळलेला आहे, हा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता. ही वेटोळी एकमेकांना कोणत्या क्रमाने जोडलेली आहेत, ते मात्र चुकले.

अशी चूक होते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांपासून थेट अणू दिसत नाहीत. गणिताने मिळतो तो इलेक्ट्रॉनच्या घनतेचा नकाशा. कुठे दाट, कुठे विरळ असा तो ढगाळ पसारा असतो. १९८७च्या नकाशाची सुस्पष्टता ३ अँगस्ट्रॉमच्या घरात होती. एवढ्या सुस्पष्टतेत हेलिक्स जाड दांड्यांसारखे ठळक उमटतात. दोन हेलिक्सना जोडणारे साखळीचे सैल दुवे मात्र स्फटिकातही थोडे हलत असतात, म्हणून त्यांची घनता पुसट येते आणि कधी मध्येच तुटते. कोणत्या दांड्याचे टोक कोणत्या दांड्याला जोडायचे हा निर्णय मग संशोधकाला संगणकाच्या पडद्यासमोर बसून, अमिनो आम्लांच्या बाजूच्या फांद्यांचे आकार ताडून घ्यावा लागतो. एका दुव्यापाशी वाट चुकली की पुढची साखळी उलट दिशेने वाचली जाते, आणि तरीही चित्र दिसायला नीटनेटकेच राहते.

शंका आली ती तुलनेतून. वाढ-संप्रेरक, जीएम-सीएसएफ आणि इंटरल्युकिन-४ यांच्या रचना एव्हाना हाती येत होत्या. या प्रथिनांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात साम्य नगण्य, पण घडण मात्र एकच: चार लांब हेलिक्सची जुडी, त्यांतले पहिले दोन एका दिशेने आणि नंतरचे दोन उलट दिशेने. फर्नांडो बझान यांनी या प्रथिनांचे आणि त्यांच्या ग्राहींचे कुळ आधीपासून अभ्यासले होते. इंटरल्युकिन-२चा ग्राही त्याच कुळातला, मग इंटरल्युकिन-२ एकटेच वेगळ्या घडणीचे कसे? १९९२मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात त्यांनी लिहिले की प्रसिद्ध झालेली जोडणी चुकलेली असावी, आणि योग्य जोडणी कशी असेल तेही मांडले. मॅके यांचे उत्तर त्याच अंकात छापले गेले. अधिक सुस्पष्ट माहितीवरून रचना पुन्हा बांधली होती आणि ती त्याच कुळातल्या घडणीशी जुळत होती. पाच वर्षे चाललेली चूक दोन-तीन पानांत, भांडण न होता दुरुस्त झाली. संरचनाशास्त्राच्या इतिहासातले हे प्रकरण विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण क्ष-किरणांची रचनादेखील मुळात एक वाचन असते आणि ते तपासून घ्यावे लागते, हे त्यातून स्वच्छ कळते.

दुरुस्त रचना अशी. ए, बी, सी आणि डी हे चार हेलिक्स एकमेकांना टेकून उभे आहेत. ए वर जातो. मग एक लांब दुवा खालपर्यंत परत येतो आणि बीदेखील वरच जातो. पुढे सी खाली येतो, दुसरा लांब दुवा पुन्हा वर चढतो आणि डी खाली उतरतो. बी हेलिक्स सरळ नाही. ६५व्या जागेवरच्या प्रोलीनमुळे तो मध्येच वाकून दोन तुकड्यांचा झाला आहे. ५८ आणि १०५ या सिस्टीनमधला बंध साखळीतल्या दोन दूरच्या जागा बांधून घडी पक्की करतो. पाण्याला टाळणारी अमिनो आम्ले जुडीच्या आत दडलेली आहेत आणि पाण्याशी सलगी करणारी बाहेर. जुडीत एच्या एका अंगाला सी आणि दुसऱ्या अंगाला डी असतो, तर बी त्याच्या समोर, तिरक्या कोपऱ्यात. साखळीच्या क्रमात ए आणि सी दूर असले तरी प्रत्यक्षात ते शेजारी आहेत. २०व्या जागेवरचे ॲस्पार्टिक आम्ल ग्राहीशी जुळण्यासाठी अत्यावश्यक आहे, हे १९८८मध्येच एकेक आम्ल बदलून केलेल्या प्रयोगांतून कळले होते. ते ए हेलिक्सवर येते. ८८व्या जागेवरचे ॲस्परॅजिन सी हेलिक्सवर येते. नव्या रचनेत ही दोन्ही एकाच बाजूला तोंड करून बसलेली दिसतात, आणि तीच बाजू बीटा साखळीची.

प्रत्यक्ष ग्राहीसह रचना पाहायला आणखी १३ वर्षे जावी लागली. २००५मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिस्तोफर गार्सिया यांच्या गटाने आधी अल्फासह जोडलेले इंटरल्युकिन-२ आणि काही महिन्यांतच तिन्ही साखळ्यांसह संपूर्ण संकुल २.३ अँगस्ट्रॉम इतक्या स्पष्टतेने दाखवले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेतील इयन विल्सन यांच्या गटानेही स्वतंत्रपणे तेच चित्र मांडले. अल्फा साखळी बी हेलिक्सच्या बाजूला, ए-बी दुव्याच्या काही भागावर येऊन बसते, आणि ४२व्या जागेवरचे फेनिलॲलनिन त्या जागेचा आधार आहे. ते काढले की अल्फाची पकडच सुटते. बीटा साखळी ए आणि सी यांच्या बाजूला बसते. बीटा आणि इंटरल्युकिन-२ यांच्या सांध्यात पाण्याचे बरेच रेणू अडकलेले आढळले आणि हे दोघे एकमेकांना अंशतः त्या पाण्यामार्फतच धरतात. गॅमा साखळी ए आणि डी यांच्या बाजूला येते, तिथे १२६व्या जागेवरचे ग्लुटामिन महत्त्वाचे. याशिवाय बीटा आणि गॅमा एकमेकींनाही लगटून असतात.

सर्वांत लक्षवेधी गोष्ट अल्फाची. संकुलात ती बीटाला स्पर्श करत नाही आणि गॅमालाही नाही. तिचा संबंध फक्त इंटरल्युकिन-२शी. मग तिच्यामुळे पकड इतकी घट्ट कशी होते? अल्फा प्रथम रेणूला पेशीच्या पृष्ठभागावर पकडते. एरवी भोवतालच्या द्रवात मुक्त फिरणारा रेणू त्यामुळे पटलाजवळच खिळतो आणि बीटाशी त्याची गाठ पडण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते. शिवाय अल्फाला चिकटलेल्या इंटरल्युकिन-२ची हालचाल किंचित आवळली जाते आणि बीटाला जुळणारा आकार स्थिर होतो. त्यानंतर बीटा, आणि शेवटी गॅमा. एकट्या गॅमाची पकड अगदीच क्षीण असल्याने तिला इतरांनी आधी तयार केलेली जागा लागते.

बीटा आणि गॅमा जवळ आल्या की पेशीच्या आत त्यांच्या शेपट्याही जवळ येतात. बीटाला जॅक-१ आणि गॅमाला जॅक-३ हे विकर चिकटलेले असते. ते एकमेकांना आणि बीटाच्या शेपटीला फॉस्फेट जोडतात. तिथे स्टॅट-५ हे प्रथिन येऊन बसते, स्वतः फॉस्फेट घेते, जोडीने केंद्रकात शिरते आणि जनुके चालू करते. इंटरल्युकिन-२ स्वतः पेशीला काही ‘सांगत’ नाही. दोन साखळ्यांना एका ठरावीक अंतरावर आणणे एवढेच त्याचे काम, आणि ते केवळ आकाराचे काम आहे. संकुल थोड्याच वेळात पेशी आत ओढून घेते. बीटा आणि गॅमा तिथे नष्ट होतात, अल्फा मात्र पुन्हा पृष्ठभागावर परतते.

इंटरल्युकिन-२ टी पेशी वाढवते, तर ते नसलेला उंदीर प्रतिकारात दुबळा असायला हवा, असे सर्वांना वाटत होते. १९९३मध्ये नेमके उलटे चित्र समोर आले. असे उंदीर मोठे होताना त्यांच्या टी पेशी बेसुमार चेतत, आतड्याला तीव्र दाह होई, रक्तक्षय होई आणि पुष्कळ उंदीर लवकर मरत. अल्फा साखळी नसलेल्या उंदरांचेही १९९५मध्ये तेच झालेले आढळले. उत्तर त्याच वर्षी जपानमधून आले. शिमोन साकागुची यांनी दाखवले की निरोगी उंदरात अल्फा साखळी कायम अंगावर बाळगणाऱ्या थोड्या टी पेशी असतात आणि त्या काढून टाकल्या की शरीर स्वतःवरच उलटते. या नियामक टी पेशी स्वतः इंटरल्युकिन-२ जवळजवळ बनवत नाहीत, इतरांनी सोडलेल्यावर जगतात. तिन्ही साखळ्या सदैव सज्ज असल्यामुळे थोडक्या इंटरल्युकिन-२वर पहिला हक्क त्यांचाच राहतो. प्रमाण वाढले तरच ते मारक पेशींपर्यंत पोचते. सुरुवातीला उल्लेखलेल्या दोन विरोधी कामांचे रहस्य हे असे प्रमाणात आणि अल्फा साखळीच्या वाटपात आहे. नियामक पेशींवरील कामासाठी साकागुची यांना मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

औषध म्हणून इंटरल्युकिन-२चा इतिहास या ज्ञानाच्या आधीच सुरू झाला होता. राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील शल्यविशारद स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८४मध्ये पसरलेल्या मेलॅनोमाच्या एका रुग्णेला ते मोठ्या मात्रेत दिले आणि तिच्या गाठी नाहीशा झाल्या. १९८५मध्ये त्यांनी २५ रुग्णांचा अहवाल दिला. त्यांना इंटरल्युकिन-२ आणि त्याने चेतवलेल्या त्यांच्याच पेशी, दोन्ही दिले होते, आणि ११ जणांच्या गाठी निम्म्याहून अधिक आटल्या. रक्तात हे प्रथिन फार टिकत नाही, उत्सर्जनाचा अर्धायुकाळ सुमारे ८५ मिनिटे. म्हणून दर किलो वजनामागे ६ लाख एकके, दर आठ तासांनी, एका फेरीत कमाल १४ मात्रा, अशी पद्धत ठरली. किंमत जबर होती. केशवाहिन्या गळू लागत, रक्तदाब कोसळे, फुप्फुसांत पाणी साचे. अनेकांना अतिदक्षता विभागासारखी देखभाल लागे. अमेरिकेत १९९२मध्ये पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली ती २५५ रुग्णांच्या माहितीवर. त्यांतल्या सुमारे १५ टक्क्यांना उपयोग झाला आणि सुमारे ७ टक्क्यांचा रोग पूर्ण दिसेनासा झाला. १९९८मध्ये मेलॅनोमासाठी परवानगी मिळाली तेव्हाचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते. आकडे लहान आहेत. परंतु ज्यांचा रोग पूर्ण गेला त्यांपैकी बरेच जण वर्षानुवर्षे बरे राहिले, आणि नुसत्या रोगप्रतिकार यंत्रणेला चेतवून पसरलेला कर्करोग हटवता येतो याचा तो ठोस पुरावा ठरला.

याच संदेशाला अडवण्याचे शास्त्रही समांतर वाढले. अवयवरोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन टी पेशीत इंटरल्युकिन-२चे जनुक चालूच होऊ देत नाही. १९९७-९८मध्ये आलेली डॅक्लिझुमॅब आणि बॅसिलिक्सिमॅब ही प्रतिपिंडे थेट अल्फा साखळीवर बसतात. डॅक्लिझुमॅब म्हणजे मूळचे अँटी-टॅकच, माणसाला मानवेल असे बदललेले. बॅसिलिक्सिमॅब मूत्रपिंडरोपणाच्या वेळी आजही वापरतात.

संकुलाची रचना हाती आल्यावर आकारच बदलून परिणाम बदलण्याचे प्रयत्न सुरू झाले. २००६मध्ये उंदरांत दिसले की इंटरल्युकिन-२ला एका प्रतिपिंडाशी जोडले तर ते मारक पेशींकडे वळते आणि दुसऱ्याशी जोडले तर नियामक पेशींकडे. कोणती बाजू झाकली जाते त्यावर सारे अवलंबून. २०११मध्ये अतिशय कमी मात्रा देऊन नियामक पेशी वाढवण्याचे प्रयोग माणसांत यशस्वी झाले. मज्जारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णावर उलटतात त्या दीर्घकालीन विकारात आणि हिपॅटायटिस-सीमुळे होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या दाहात ते करून पाहिले होते. २०१२मध्ये गार्सिया यांच्या गटाने सी हेलिक्सच्या परिसरातली आम्ले बदलून बीटाला सुमारे २०० पट घट्ट धरणारे रूप बनवले, त्यामुळे अल्फाची गरज उरली नाही. २०१९मध्ये सिअ‍ॅटलमधील डेव्हिड बेकर यांच्या गटाने तर संगणकावर एक अगदी नवे प्रथिन रचले. अमिनो आम्लांच्या क्रमात त्याचे इंटरल्युकिन-२शी साम्य नाही, पण बीटा आणि गॅमा यांना जुळणारे पृष्ठभाग तेच आहेत, आणि अल्फाला बसायला जागाच ठेवलेली नाही.

अल्फा टाळण्यामागचा तर्क सरळ होता. ती नियामक पेशींवर असते, आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असल्यामुळे पाणी साचण्याला हातभार लावते, हे २०१०मध्ये दिसले होते. पण हा तर्क अपुरा ठरला. अल्फाची बाजू पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्यांनी झाकलेले बेमपेगाल्डेस्ल्युकिन निव्होलुमॅब या कर्करोगावरील प्रतिपिंडाच्या जोडीने मेलॅनोमाच्या मोठ्या चाचणीत दिले गेले आणि २०२२मध्ये ती चाचणी अपयशी ठरली. त्याच वर्षी अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील रफी अहमद यांच्या गटाने उंदरांत दाखवले की दीर्घ संसर्गात थकलेल्या मारक पेशी इंटरल्युकिन-२मुळे पुन्हा कामाला लागतात त्या अल्फा साखळीच्या मदतीनेच. नुसती अडचण म्हणून अल्फाकडे पाहणे ही घाई होती. ती काढून टाकण्याऐवजी तिच्यावरची पकड कमी-जास्त करणे आणि ठरावीक पेशींपुरतेच इंटरल्युकिन-२ पोचवणे या दिशेने आता काम चालले आहे.

मूळ औषधाचा वापरही संपलेला नाही. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४मध्ये मेलॅनोमासाठी लिफिल्युसेल या उपचाराला परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्या गाठीतल्याच टी पेशी काढून इंटरल्युकिन-२च्या आधाराने प्रयोगशाळेत कोट्यवधींच्या संख्येने वाढवतात आणि शिरेतून परत सोडतात. त्यानंतर त्या पेशी शरीरात टिकाव्यात म्हणून ॲल्डेस्ल्युकिनच्या कमाल सहा मात्रा दिल्या जातात, प्रत्येकी दर किलो वजनामागे ६ लाख एककांची.